निफ्टीची उसळी : विश्वास किती, विम्याची परतफेड किती?

मुंबई : लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जून २०२४ रोजी, निफ्टी ५.९३ टक्के कोसळून २१,८८४.५० वर बंद झाला. पुढील तीन सत्रांत तो ६.४ टक्के चढला आणि ७ जूनला २३,२९०.१५ वर, म्हणजे मतदानोत्तर चाचण्यांच्या उत्साहात ३ जूनला गाठलेल्या पातळीच्याही किंचित वर, स्थिरावला. या उसळीचे श्रेय बहुतेकांनी आघाडी सरकारच्या स्थैर्याला दिले. तेलुगू देसम आणि संयुक्त जनता दलाने ५ जूनला पाठिंबा स्पष्ट केला, हे खरेच. मात्र त्याच दिवशी, निफ्टी ३.३६ टक्के वधारत असताना, परकीय संस्थांनी रोख बाजारात ५,६०० कोटी रुपयांहून अधिक मूल्याच्या समभागांची निव्वळ विक्री केली. देशी संस्थांची खरेदी ही विक्री भरून काढण्याइतकी नव्हती. मग बाजार चढवला कोणी?

उत्तराचा एक भाग ऑप्शन्सच्या बाजारात आहे. येत्या ३० दिवसांत निफ्टीत किती चढ-उतार अपेक्षित आहेत, हे ऑप्शन्सच्या किमतींवरून मोजणारा ‘इंडिया व्हीआयएक्स’ एप्रिलच्या उत्तरार्धात १० च्या घरात होता. मतमोजणी जवळ आली तसा तो २४ च्या वर गेला आणि ४ जूनला व्यवहारादरम्यान ३१ ही ओलांडून गेला. दुसऱ्याच दिवशी तो १९ च्या आसपास उतरला.

निवडणुकीपूर्वी ज्यांनी पुट ऑप्शन घेतले, त्यांनी एका अर्थी घसरणीचा विमा उतरवला होता. हा विमा विकणाऱ्या मोठ्या संस्था स्वतःची जोखीम झाकण्यासाठी निफ्टीचे वायदे विकून ठेवतात. किती विकायचे, हे तो पुट प्रत्यक्षात उपयोगी पडण्याच्या शक्यतेवर ठरते. समजा, निफ्टी २२,००० वर आणि पुट २१,००० चा आहे. अस्थिरता तीव्र असताना ही पातळी हाकेच्या अंतरावर भासते. ती ओसरली की निफ्टी जागेवर असूनही तोच पुट दूरचा ठरतो. आधी विकलेले वायदे मग अनावश्यक होतात आणि संस्था ते परत विकत घेतात. कंपन्यांच्या नफ्याबद्दल किंवा सरकारबद्दल त्यांचे मत काय, याचा येथे संबंधच नसतो. या खरेदीने निर्देशांक चढतो, चढला की भीती आणखी घटते आणि आणखी वायदे परत घ्यावे लागतात. त्यात ६ जूनला, गुरुवारी, साप्ताहिक सौदापूर्ती होती. मुदत संपत आलेल्या पुटचे संरक्षणही त्याच वेगाने मोकळे होत गेले.

अमेरिकी बाजारात हे चक्र परिचित आहे. भारतात ते जसेच्या तसे लागू करणे मात्र धाडसाचे ठरेल. येथे ऑप्शन विकणाऱ्यांत वैयक्तिक व्यवहार करणारेही मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील अनेक जण वायद्यांचे संरक्षण घेतच नाहीत. शिवाय ७ जूनच्या तेजीला रिझर्व्ह बँकेने विकासदराचा अंदाज ७ वरून ७.२ टक्क्यांवर नेल्याचे स्वतंत्र कारण होते. तरीही ५ जूनची उडी केवळ राजकीय विश्वासाचा कौल मानणे आकडेवारीला धरून नाही.

हा फरक सामान्य गुंतवणूकदाराच्या खिशाशी निगडित आहे. वेगाने चढणारा निर्देशांक पाहून कॉल ऑप्शन घेणाऱ्याला वाटते की मोठे खरेदीदार आत्ता कुठे उतरत आहेत. प्रत्यक्षात त्यांची परतफेड संपत आलेली असू शकते. सेबीच्या जानेवारी २०२३ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ मध्ये समभागांच्या वायदे-ऑप्शन्स व्यवहारांत ८९ टक्के वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी तोटा सोसला होता.

७ जून २०२४ पर्यंत व्हीआयएक्स १७ च्या आसपास आला होता. ३१ वरून खाली येताना जेवढी खरेदी मोकळी झाली, तेवढी तेथून होणे नव्हते. त्यापुढच्या चढाईला प्रत्यक्ष पैसा लागणार होता. फेब्रुवारी २०२४ मधील अर्थसंकल्प अंतरिम होता. नव्या सरकारचा पूर्ण अर्थसंकल्प जवळ येईल, तसा हाच विमा पुन्हा महागण्याची शक्यता तेव्हा होती.