गाडी कुणाची, रस्ता कुठला?

गेले तीन वीकांत माझं एकच काम चाललंय. शनिवारी सकाळी चहा घ्यायचा, एक्सेल उघडायचं आणि गाड्यांच्या रकान्यात नवा आकडा टाकायचा. ऑफिसात कुणी "काय रे, नवीन गाडी?" असं विचारलं की मी फुशारकीने सांगायचो, "अभ्यास चालू आहे." गेल्या आठवड्यात शिराळ्याला गेलो आणि त्या अभ्यासाचं पार पानिपत झालं. कसं ते सांगतो.

आमची सध्याची गाडी २०१६ ची. डिझेल, पण मागे ऐटीत 'हायब्रिड' असं लिहिलेलं. आप्पांनी (म्हणजे वडिलांनी) ती घेतली तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि हॉस्टेलवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आमच्याकडे हायब्रिड आली! पुढे कळलं की ही 'माइल्ड' हायब्रिड. म्हणजे साध्या भाषेत, थोडा मोठा जनरेटर आणि थोडी दमदार बॅटरी. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, ब्रेक दाबला की थोडी वीज साठते, गाडी उचलताना थोडा हात मिळतो. नुसत्या विजेवर ती एक फूटही चालत नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या फेम योजनेत अशा गाड्यांना १३ हजारांपर्यंत सवलत होती. १ एप्रिल २०१७ पासून माइल्ड हायब्रिड त्यातून वगळल्या, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा मोठ्या हायब्रिडवर २८ टक्के अधिक १५ टक्के सेस बसला. म्हणजे आदल्या वर्षी पाठीवर थाप आणि पुढच्या वर्षी पाठीत धपाटा!

गंमत म्हणजे शिराळ्यात सिग्नलला थांबायची वेळच येत नाही. त्यामुळे आप्पांनी ते इंजिन बंद करणारं बटण पहिल्या महिन्यातच बंद केलं, ते आजतागायत. "मधीच गाडी मेल्यागत वाटतंय," हे त्यांचं म्हणणं. त्या तंत्रज्ञानाचे पैसे आम्ही मोजले, पण आमच्या रस्त्यावर त्याला कामच नव्हतं.

आता गाडीने ९० हजार किलोमीटर ओलांडलेत. क्लच बदलून झालाय, ती खास बॅटरी दोनदा बदलून झालीय. गाडी वाईट नाही, म्हातारी झालीय इतकंच. तर आता काय घ्यायचं?

माझं उत्तर ठरलेलं होतं. स्ट्राँग हायब्रिड! ही खरी हायब्रिड. १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली तेव्हापासून जिचा बोलबाला आहे ती. हिच्यात मोटर एकटी गाडी ओढू शकते. हळू चालताना इंजिन बंद, ब्रेक मारला की वाया जाणारी ताकद परत बॅटरीत, आणि बाहेरून चार्ज करायची भानगड नाही. आपल्याकडे २०२२ मध्ये होंडा सिटी, टोयोटाची हायरायडर आणि मारुतीची ग्रँड विटारा अशा तीन एकामागोमाग आल्या. कागदावर लिटरला २६ ते २८ किलोमीटर. मी वाकडहून हिंजवडीला रोज जे रांगत जातो, त्या ट्रॅफिकमध्ये तर ही गाडी म्हणजे वरदानच. झालं, माझ्या एक्सेलमध्ये ती पहिली आली.

तर शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसलो आणि आप्पांना सगळे रकाने दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकलं, आत गेले आणि खिशात मावणारी एक डायरी घेऊन आले. आप्पा निवृत्त शिक्षक. प्रत्येक वेळी डिझेल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर आणि कुठे गेलो ते लिहितात. पहिल्या दिवसापासून.

"हे घाल तुझ्या त्यात," म्हणाले.

रविवारची सकाळ मी ती डायरी टाइप करण्यात घालवली आणि लाज वाटली. गेल्या वर्षी गाडी धावली साधारण ९ हजार किलोमीटर. त्यात पुण्याला येणं-जाणं फक्त चार वेळा, म्हणजे एकूण १६०० च्या आसपास. बाकी सगळं पेठ नाका, ईश्वरपूर (म्हणजे परवापर्यंतचं इस्लामपूर), कोकरूड, शेत, लग्नं, आणि आजीच्या तपासणीसाठी दर महिन्याला कराड. पुणं सोडलं तर सगळ्यात लांबचा दिवस म्हणजे जोतिबा-कोल्हापूर करून परत, तोही दीडशेच्या आत.

मी मात्र माझ्या हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी गाडी निवडत होतो! पैसे बऱ्यापैकी आप्पांचे, चालवणार आप्पा, गाडी उभी राहणार शिराळ्यात, आणि माझ्या हिशेबात रस्ता माझा. ऑफिसात आम्ही गिऱ्हाईकाचं म्हणणं नीट न ऐकता सॉफ्टवेअर बनवतो आणि मग डोक्याला हात लावतो. घरीही मी तेच केलं.

मग सगळं परत मांडलं. हायब्रिडची खरी कमाई होते ती थांबा-चला-थांबा अशा रस्त्यावर. मोकळ्या रस्त्यावर एका वेगात इंजिनच चालत राहतं, ब्रेक कमी, त्यामुळे परत मिळणारी वीजही कमी. शिराळा ते पेठ नाका आणि पुढे नेर्ले, कासेगाव करत कराड, हा मोकळा रस्ता. म्हणून कागदावरचे २७ विसरून मी २२ धरले. पेट्रोल हिशेबासाठी १०५ रुपये. किलोमीटरला पावणेपाच रुपये, वर्षाला सुमारे ४३ हजार.

आता इलेक्ट्रिक. एका युनिटला साडेसहा किलोमीटर, चार्जिंगमध्ये दहा टक्के वाया गेले असं धरलं, तर ९ हजार किलोमीटरला दीड हजार युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशे. इथे एक गोम आहे जी जाहिरातीत कुणी सांगत नाही. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो आणि १०० युनिटच्या पुढे तो जवळपास दुप्पट होतो. आमच्या घरी महिन्याला नव्वद युनिट लागतात. म्हणजे गाडीची जवळजवळ सगळी वीज वरच्या टप्प्यात जाणार. सगळे आकार धरून युनिटला १२ रुपये धरले तरी वर्षाला १८ हजार. फरक २५ हजारांचा.

छपरावर सौर पॅनेल बसवले तर आणखी बरं. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं. दोन किलोवॅटमध्ये घर आणि गाडी दोन्ही भागतात, आणि २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत त्याला ६० हजार अनुदान आहे. पावसाळ्यात वीज कमी पडेल, पण नेट मीटरिंगमुळे उन्हाळ्यातली जास्तीची वीज खात्यावर जमा राहते, तरी मार्चअखेर हिशेब मिटतो हे लक्षात ठेवायचं.

इथे मला एक गोष्ट उलटीच दिसली. आपण म्हणतो इलेक्ट्रिक गाडी शहरवाल्यांची, गावाकडे कुठली चार्जिंगची सोय? अहो, सोय गावाकडेच आहे! स्वतःचं अंगण, स्वतःचा मीटर, स्वतःचं छप्पर. माझ्या वाकडच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी तीन मीटिंगा झाल्या आणि तिन्ही वेळा चर्चा लिफ्टवर गेली. म्हणून माझं मत आता असं: फ्लॅटमध्ये राहता, चार्जिंग नाही, रोज ट्रॅफिक आहे, तर हायब्रिड घ्या. गावात स्वतःचं घर आहे, रोजचा पल्ला शंभराच्या आत आहे, तर इलेक्ट्रिक. आणि दोन्ही नसेल तर एसटी आहेच, मी अजूनही तिनेच गावी जातो.

करांचंही बोललं पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर आले. चार मीटरपेक्षा लांब आणि दीड लिटर इंजिनच्या हायब्रिडवर आता ४० टक्के. इलेक्ट्रिकवर ५ टक्के, शिवाय महाराष्ट्रात रस्ता कर माफ. मला हे अंतर पटत नाही. जी गाडी शहरात निम्म्या पेट्रोलवर चालते, तिला भरपूर पेट्रोल पिणाऱ्या एसयूव्हीच्या पंगतीत का बसवायचं? उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणीतला कर माफ केला होता. कर इंधन किती जळतं त्यावर असावा, गाडीच्या जातीवर नाही. पण गाडी घेताना आपल्याला कसा कर हवा हे बघून चालत नाही, आहे तो बघावा लागतो.

हे सगळं घेऊन मी परत आप्पांसमोर बसलो. त्यांचा पहिला आक्षेप अस्सल आमच्या भागातला.

"ऊस आपण लावायचा, त्याचं इथेनॉल पेट्रोलात जाणार, आणि गाडी तेवढी विजेवर घ्यायची?"

मुद्दा बिनतोड होता. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं आणि आमच्या दोन एकर उसाचा त्यात कुठेतरी एखादा थेंब असणारच. मी म्हटलं, "आप्पा, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे ॲव्हरेज थोडं पडणारच. आणि कारखाने चिपाडापासून वीजही करून विकतातच की. उसावरच चालवायची तर तशीही चालेल." ते हसले. (राज्यातली बहुतेक वीज कोळशाची आहे हे मी तेव्हा बोललो नाही, इथे कबूल करतो.)

दुसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

"जुलै एकवीस आठवतोय का तुला?"

आठवतोय. २२ जुलै २०२१. कृष्णा, वारणा दोन्ही फुगलेल्या, चांदोलीकडे धो धो पाऊस. संध्याकाळपासून लाईट नाही. रात्री आजीला धाप लागली. मी पुण्यात, फोन लागत नव्हता. आप्पांनी एकट्याने त्या पावसात आजीला मागच्या सीटवर झोपवून कराड गाठलं. पंचेचाळीस किलोमीटरला दोन तास लागले. टाकीत अर्धं डिझेल होतं. आजी वाचली.

"त्या रात्री गाडी चार्जिंगला लावलेली असती आणि लाईट गेली असती तर?"

मी लगेच म्हटलं, "म्हणून तर सोलर..." आणि थांबलो. कारण इंजिनिअर म्हणून मला माहीत आहे की ग्रिडला जोडलेलं साधं सोलर लाईट गेली की आपोआप बंद होतं. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच असावं लागतं. तेव्हा ते उत्तर खोटं ठरलं असतं.

खरं उत्तर वेगळं आहे. कागदावर ४५० किलोमीटर सांगितलेली गाडी आपण ३०० धरू. निम्मी बॅटरी म्हणजे दीडशे. कराडला जाऊन-येऊन नव्वद. म्हणजे अर्धी टाकी डिझेल ठेवायची जी शिस्त आप्पांनी आयुष्यभर पाळली, तीच इथे पाळायची. जून ते सप्टेंबर साठ टक्क्यांच्या खाली येऊ द्यायचं नाही, लाईट असेल तेव्हा रोज रात्री लावायची. उलट पेट्रोल पंप घरी येत नाही, चार्जर घरात असतो. आणि काही इलेक्ट्रिक गाड्यांतून घराला वीजही घेता येते. दोन दिवस लाईट नसली तरी चार दिवे, पंखा आणि फोन सहज चालतील.

पण खरं सांगायचं तर हे सगळं मी पटवत असताना मला कळत होतं की त्या रात्री मी तिथे नव्हतो. भीती त्यांची आहे, आणि ती माझ्या एक्सेलपेक्षा जास्त अनुभवी आहे. म्हणून शेवटी तोडगा आईने काढला. "नवी घ्या, पण जुनी एक पावसाळा दारात राहू दे." जुन्या गाडीची नोंदणी २०३१ पर्यंत आहे. विमा भरावा लागेल, विकायला उशीर झाला तर चार पैसे कमीही मिळतील. मी ती रक्कमही रकान्यात टाकली, आणि नाव दिलं 'आप्पांची झोप'. इतका रास्त खर्च अख्ख्या शीटमध्ये दुसरा नाही.

सोमवारी पहाटे निघताना आप्पा सोडायला पेठ नाक्यापर्यंत आले. एसटी यायला वेळ होता. गाडी बंद करून बसलो होतो. म्हणाले, "पूजा मात्र आपल्या मारुतीपुढंच करायची." समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या शिराळ्यात आहे, त्याच्यासमोर. म्हणजे इलेक्ट्रिकला होकार आला, असं मी समजतो.

तुम्हीही गाडीच्या शोधात असाल तर एवढंच करा. कुठली गाडी हे नंतर बघा. आधी जो चालवणार आहे त्याची डायरी मागा. डायरी नसेल तर त्याला विचारा, की बाबा, तू सगळ्यात जास्त कधी घाबरला होतास? ॲव्हरेजचा आकडा कुठेही मिळतो, हे उत्तर फक्त घरात मिळतं.