कापला, पण भरला काय?

कल्याणच्या खडकपाडा-गांधारी परिसरात इमारती उभ्या राहतात तेव्हा पाटीवर नाव विकासकाचे असते. सेंटरिंग, गिलावा, लादी, रंग ही कामे ज्यांच्या हातून पार पडतात, ते लहान उपकंत्राटदार कोणाच्या खिजगणतीतही नसतात. त्यांच्या बिलांतून कापल्या जाणाऱ्या आयकराकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

कंत्राटदाराला पैसे देतानाच कर कापून घेण्याची ही तरतूद १९७२ सालची. १ एप्रिल २०२६ पासून अंमलात येण्यासाठी केलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही ती कायम ठेवली आहे. एका वेळी ३०,००० किंवा वर्षभरात १,००,००० रुपयांहून अधिक रक्कम देताना व्यक्तीकडून शेकडा १, तर कंपनी वा भागीदारी संस्थेकडून शेकडा २ कापावयाचे. पॅन नसल्यास शेकडा २०. ही रक्कम पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, व मार्चची ३० एप्रिलपर्यंत, सरकारजमा झाली पाहिजे.

शेकडा १ म्हणजे क्षुल्लक, असे कोणी म्हणेल. परंतु वर्षाला २० लाखांची बिले बँकेमार्फत वसूल करणारा गिलाव्याचा ठेकेदार अनुमानित उत्पन्नाच्या पद्धतीने शेकडा ६, म्हणजे १ लाख २० हजार, एवढेच उत्पन्न दाखवू शकतो. अन्य उत्पन्न नसेल तर त्यावर कर शून्य! कापलेले २० हजार सर्वस्वी त्याचेच. विवरणपत्र भरून ते परत मागता येतात. मात्र मुख्य कंत्राटदाराने रक्कम भरलीच नाही, अथवा पॅन चुकीचा नोंदविला, तर त्याच्या नावे जमा दिसत नाही, आणि परतावा अडतो. तिकडे गवंड्यांची आठवड्याची मजुरी थांबत नाही.

कापलेला कर पुन्हा त्याच्याकडून मागू नये, असे कायदा सांगतो; केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ जून २०१५ रोजी अधिकाऱ्यांना तसे बजावलेही. तथापि, मागणी न करणे निराळे व परतावा देणे निराळे. बिल व बँकेची नोंद यांवरून कपात सिद्ध होताच परतावा मिळावा, आणि वसुली कापणाऱ्याकडून व्हावी. उपकंत्राटदारांनीही दर तिमाहीस कपातीचे प्रमाणपत्र मागावे व आपली जमा तपासावी. सरकारने ज्याला वसुलीचे काम सोपविले, त्याच्या कसुरीचा भुर्दंड कष्टकऱ्याने का सोसावा?