आधी तारा बदला, मग ॲम्प्लिफायर!



मुलांच्या वाद्यवृंदासाठी नवा बेस ॲम्प्लिफायर घ्यावा, असा प्रस्ताव कार्यकारिणीच्या पुढच्या सभेत येणार आहे. कारण सर्वांना ठाऊक आहे. गणेशोत्सवात बेस गिटारचा आवाज कोरडा आणि खणखणीत लागला, डग्ग्याचा घुमारा त्यात हरवला आणि ज्येष्ठ मंडळींनी कानांत बोटे घातली. तक्रार रास्त आहे. पण सुचवलेले औषध महाग आहे आणि रोगावरचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे तंबोरा नीट बोलत नसला, तर कोणी तंबोरा बदलत नाही. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर सरकवला की तीच तार वेगळी बोलू लागते. बेस गिटारचेही तसेच आहे. आवाजाचा स्वभाव बराचसा तारेपाशी आणि बोटापाशी ठरतो. तिथून जे येईल तेच ॲम्प्लिफायर मोठे करून ऐकवतो.

बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो. पण त्याच्यासोबत वरचे अनेक स्वर उमटतात, ते काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. ते वरचढ झाले की खणखणाट होतो, आवरले की आवाज गोल आणि उबदार लागतो. म्हणजे इथे काही वाढवायचे नसून कमी करायचे आहे, आणि कमी करायला फारसा खर्च येत नाही.

प्रथम फुकटचे उपाय. गिटारवरचे टोनचे बटण पूर्ण उघडे असते, ते अर्ध्यावर आणावे. उजवा हात ब्रिजपासून मानेकडे सरकवावा. प्लेक्ट्रम बाजूला ठेवून बोटाच्या मऊ भागाने वाजवावे. ॲम्प्लिफायरवर ट्रेबल उतरवावा, ट्वीटर बंद करता येत असेल तर करावा. मात्र बेसचे बटण वाढवू नये. हॉलमध्ये तो घुमून गढूळ होतो. खोका भिंतीच्या कोपऱ्यातून बाहेर काढावा. आणि आवाज कसा आहे ते वाजवणाऱ्याने नव्हे, पाचव्या रांगेत बसलेल्याने सांगावे.

आता तारांविषयी, कारण हा थोडा माझ्या विषयाचा प्रांत आहे. मुलांच्या गिटारवर नेहमीच्या राउंडवाउंड तारा आहेत. त्यांत पोलादी गाभ्यावर गोल तार गुंडाळलेली असते. घाम, त्वचेचे तेल आणि मळ वेढ्यांच्या फटींत साचतो, तसे वरचे स्वर आधी मरतात. म्हणून जुनी तार मवाळ वाटते. पण मळ सारखा बसत नाही आणि पुढे तार सुरात राहीनाशी होते. त्यापेक्षा फ्लॅटवाउंड तारा घ्याव्यात. त्यांवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि आवाज मुळातच गोल येतो. इकडे अमेरिकेत संच साधारण ४० ते ७० डॉलरला मिळतो आणि बराच काळ टिकतो. अशा बऱ्याच संचांचा ताण जास्त असतो, तेव्हा बसवताना दुकानदाराकडून मान तपासून घ्यावी. ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला, तर स्वर लवकर विझतो आणि डग्ग्याला जागा मिळते.

हे माझ्या पदरचे नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या १९६० च्या दशकातल्या गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंड तारा वापरत, त्या क्वचितच बदलत, ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज ठेवत आणि मुख्यतः एका तर्जनीने वाजवत. स्टुडिओत त्यांचा बेस बहुधा ॲम्प्लिफायरशिवाय थेट मिक्सरला जोडला जाई. तरी त्या आवाजाच्या उबेचे दाखले आजही दिले जातात.

एक मात्र मान्य करतो. मोठ्या हॉलमध्ये आवाज वाढवल्यावर आपला ॲम्प्लिफायर फाटत असेल, तर तारा बदलून ते दुखणे जाणार नाही. पण तेव्हाही डीआय बॉक्स लावून बेस हॉलच्या ध्वनियंत्रणेला जोडता येतो. नवा खोका हा शेवटचा उपाय.

तेव्हा सभासदांना विनंती, की प्रस्ताव फेटाळू नये, एका कार्यक्रमापुरता पुढे ढकलावा. तारांचा एक संच घ्यावा, दोन तालमी हॉलमध्ये घ्याव्यात आणि मग ठरवावे. काही शे डॉलर वाचले, तर डग्ग्याची पुडी बदलता येईल, ती केव्हाची वाट पाहते आहे. मुलांना तर याहून मोठी गोष्ट मिळेल: आवाज विकत आणायचा नसतो, हाताने घडवायचा असतो, हे त्यांना या वयातच कळेल. मराठी गाण्याला ती साथ करू पाहतात, तेव्हा एवढे तरी आपण त्यांना द्यावे.

कळावे, लोभ असावा.

— मंडळाचा एक स्वयंसेवक