विकत की भाड्याने?

जून उजाडला, की आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला मुलगा आपली पुस्तके नव्या दहावीवाल्याला निम्म्या किमतीत देऊन टाकतो. छापणारा आडवा येत नाही. मालकी म्हणतात ती हीच!

हाच मुलगा इंटरनेटवर रोख पैसे मोजून व्हिडिओ गेम घेतो. तो मात्र त्याला कोणाला विकता येत नाही. बटणावर 'विकत घ्या'. आत बारीक अक्षरांत 'केवळ वापराचा परवाना'.

फ्रान्समधील एका ग्राहकसंघटनेने 'स्टीम' चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचले. २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयाने फेरविक्रीचा हक्क मानला; २०२२ साली वरच्या न्यायालयाने तो काढून घेतला.

विक्रेते म्हणतात, डिजिटल प्रत झिजत नाही. जुनी विकू दिली तर नवी कोण घेईल? झिजत नाही खरी, पण मालकाच्या मर्जीने मरते! युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा खेळ २०१४ साली निघाला. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि पैसे भरलेल्यांच्या हाती धुपाटणेही उरले नाही.

कॅलिफोर्नियात २०२५ पासून, नुसता परवाना असल्यास तसे स्पष्ट सांगितल्यावाचून 'विकत घ्या' म्हणता येत नाही. ठीक; पण एवढ्याने माझे समाधान नाही. मी शिक्षक आहे. शब्दाचा अर्थ चुकला तर गुण कापतो. विकायचे तर पुरते विका. नाहीतर पाटी बदला, 'भाड्याने मिळेल', आणि दामही भाड्याचाच घ्या!