रॅम महागली, आता पायवर बिल्ड कसा करायचा?

रॅम महागल्यामुळे डिसेंबर २०२५ मध्ये रास्पबेरी पायने दर वाढवले. १६ जीबीचा पाय ५ तेव्हा १२० वरून १४५ डॉलरवर गेला. सोबत १ जीबीचा नवा बोर्ड आला, ४५ डॉलरला. स्वस्त आहे, घ्या. पण त्यावर एलएलव्हीएम कंपाइल करायला बसू नका.

कोअर चार, म्हणून आपण 'मेक -जे४' मारतो, म्हणजे चार कंपायलर एकदम. सी प्लस प्लसची टेम्पलेट्सनी भरलेली एकच फाइल १ जीबी खाऊ शकते. मग कर्नल कंपायलरलाच मारतो. स्क्रीनवर नुसतं 'किल्ड' दिसतं आणि नवशिक्याला वाटतं, कोड चुकला. (माझे दोन रविवार यातच गेले.)

'-जे१' करा, झेडरॅम लावा. एसडी कार्डवरचा स्वॅप म्हणजे बैलगाडी. मोठ्या लिंकिंगला तेही पुरत नाही. तिथे लॅपटॉपवर क्रॉस-कंपाइल करून तयार फाइल पायवर टाकलेली बरी.