पाचवीतल्या मुलाला नापास करून काय मिळवणार?

‘पाचवी-आठवीची परीक्षा पुन्हा आली, बरं झालं. ढकलगाडी बंद झाली.’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत ऐकलं आहे, पालकसभेत ऐकलं आहे आणि एसटीतही ऐकलं आहे. ते बोलणारी माणसं मुलांच्या वाईटावर नाहीत. सातवीतल्या मुलाला दुसरीचं पान वाचता येत नाही हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यांची तळमळ खरी आहे. तरीही त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला आणि त्याच्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत कुणाही मुलाला त्याच वर्गात ठेवता येत नव्हतं. यालाच लोक ‘ढकलगाडी’ म्हणतात. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झाल्यास दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा द्यायची आणि तीही जमली नाही तर मुलाला मागे ठेवण्याची मुभा मिळाली. महाराष्ट्रात 2023-24 पासून ही परीक्षा सुरू झाली.

‘ढकलगाडी’वर नाराज असणाऱ्यांचा पहिला मुद्दा असा की, नापासाची भीती गेली म्हणून मुलं शिकेनाशी झाली. पण ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणारी ‘असर’ची पाहणी 2005 पासून होते आहे, म्हणजे हा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून. त्या वर्षांतही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याहून थोड्याच अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत होता. म्हणजे दुखणं जुनं आहे. कलम 16 ने ते जन्माला घातलं नाही, फक्त झाकणं थांबवलं. पूर्वी न वाचणारं पोर बरेचदा मध्येच गळून जायचं, म्हणून सातवीत फारसं दिसायचं नाही. आता ते सातवीत समोर बसलेलं दिसतं आणि आपण दचकतो.

दुसरा मुद्दा परीक्षेऐवजी आलेलं सातत्यपूर्ण मूल्यमापन फसल्याचा. तो मला बराचसा मान्य आहे. रोज मुलाचं पाहायचं, कुठे अडलंय ते टिपायचं आणि लगेच हात द्यायचा, अशी मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात वर्णनात्मक नोंदींची तयार पुस्तकं बाजारात आली. ‘स्वच्छतेची आवड आहे’, ‘गटात सहभाग घेतो’ असली वाक्यं चाळीस मुलांच्या नावापुढे आलटूनपालटून उतरवली गेली. आकारिक (वर्षभरातल्या) आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचे सगळे रकाने भरले, फक्त मुलाचं वाचन ऐकायला कुणी बसलं नाही. यात एकट्या शिक्षकाला दोष देऊन चालणार नाही. दोन शिक्षक, पाच वर्ग, वर निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहिती भरणं, एवढ्यात तो ऐकणार कधी? पण व्यवस्थेने जे केलं नाही त्याची शिक्षा दहा वर्षांच्या मुलाला, हा न्याय कुठला?

फेरपरीक्षेचंच पाहा. निकाल एक मेच्या सुमारास लागतो, शाळा बंद होते आणि फेरपरीक्षा जूनमध्ये. जादा मार्गदर्शन कागदावर आहे. पण ते नेमकं उन्हाळ्याच्या सुट्टीत येतं. शाळेला दहा महिन्यांत जे शिकवता आलं नाही, ते हे मूल मे महिन्यात कुणाकडून शिकणार?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांचा कोयता कारखान्याकडे निघतो आणि हंगाम उलगडला की टोळी परतते. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण सगळ्या मुलांना ती मिळत नाही. मिळाली तरी धाकट्या भावंडाला उसाच्या फडावरच्या झोपडीत, म्हणजे कोपीत, सांभाळायला कुणीतरी लागतं, मग हीच जाते. पाच-सहा महिने ती फडावर असते. ही परीक्षेत नापास होणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिला पुन्हा पाचवीत बसवलं तर पुढच्या दिवाळीला ती पुन्हा फडावरच असेल, कारण मूळ अडचण जागच्या जागी आहे. आणि ‘नाहीतरी नापासच होते’ म्हणत घरचे तिचं लग्न ठरवायला मोकळे.

नापासाने मुलाचं काय होतं हे मी माझ्या लहानपणीच्या वर्गात पाहिलं. दर जूनमध्ये दोन-तीन जण पुन्हा शेवटच्या बाकावर येऊन बसत, आमच्याहून वीतभर उंच. एकाचा धाकटा भाऊ त्याच्याच वर्गात आला, त्या दिवसापासून तो शाळेत दिसला नाही. त्यांच्यासाठी पुन्हा तीच पुस्तकं, तेच धडे आणि शिकवण्याची तीच रीत. जे एकदा कळलं नाही ते त्याच पद्धतीने दुसऱ्यांदा सांगितलं की कळेल, या समजुतीला आधार काय?

मग करायचं काय? त्याचं उत्तर आपल्याला मुंबईतच मिळालेलं आहे. 1990 च्या दशकात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने पालिका शाळांमध्ये बालसखी नेमल्या. वस्तीतलीच एखादी तरुणी तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वेगळी घेऊन बसायची आणि ती जिथे आहेत तिथून सुरुवात करायची. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या प्रयोगाचा अभ्यास केला, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पुढे याच वाटेने तिसरी ते पाचवीच्या मुलांना इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पातळीनुसार गटांत बसवण्याची पद्धत आकाराला आली. यात कुणी नापास नाही. पाचवीतली मुलगी तासभर शब्दांच्या गटात बसते आणि उरलेला दिवस स्वतःच्या मैत्रिणींसोबत पाचवीतच असते. वरच्या गटात जायला तिला एक मेची वाट पाहावी लागत नाही.

घरीही याला जोड हवी आणि त्यासाठी आईला वाचता यायलाच हवं असं नाही. भाकरी थापताना ‘तुझा धडा मोठ्यानं वाच, मला ऐकू दे’ एवढं म्हटलं तरी चालतं. फडावरच्या मुलांना मोळ्या, खेपा, टन आणि मुकादमाची उचल यांचा हिशेब तोंडपाठ असतो. तो गणिताच्या तासाला का चालू नये? आणि निकालाच्या दिवशी घरात मार बसणार नाही, एवढी खात्री मुलाला असली पाहिजे. भ्यालेलं मूल अडलेला शब्द विचारत नाही, लपवतं.

परीक्षेला माझा विरोध नाही. जुलैत घ्या, नोव्हेंबरात घ्या, फडावर जाऊन घ्या आणि मूल कुठे अडलंय ते शोधा. पण कुणाला मागे ठेवायचंच असेल तर शाळेने आधी एक वही दाखवावी. त्या मुलीला वेगळं घेऊन कोण बसलं, किती दिवस आणि कुठल्या पानापासून, एवढंच त्यात लिहिलेलं असावं. ती वही कोरी असेल तर तिच्या प्रगतिपुस्तकावर लाल शाई लावू नका.