दुसरा सर्व्हर आहे हो, पण तो किती मागे आहे?



बिलिंग किंवा ऑनलाइन ऑर्डरवर धंदा चालणाऱ्या माणसाला मी हमखास विचारतो, "तुमचा डेटा सुरक्षित आहे का?" उत्तर ठरलेलं. "हो सर, दोन सर्व्हर आहेत. एक बंद पडला तर दुसरा आहे." मग मी विचारतो, "दुसऱ्यावर शेवटची नोंद कधीची आहे?" इथे गाडी अडते.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या दुसऱ्या सर्व्हरकडे कोणी बघत नाही, तो आहे असं धरूच नका.

आधी सोपं करून सांगतो. मुख्य डेटाबेसमधला प्रत्येक बदल दुसऱ्या मशीनवर आपोआप उतरत राहतो, याला रेप्लिकेशन म्हणतात. अडचण अशी, की ते थांबलं तरी दुकान चालूच राहतं. बिलं निघतात, पैसे जमा होतात. नेट तुटलं, डिस्क भरली, कोणी पासवर्ड बदलला, की दुसरं मशीन मागे पडतं आणि गल्ल्यावर बसलेल्याला पत्ताही नसतो. कळतं कधी? मुख्य मशीन बसतं त्या दिवशी!

मोठ्यांचंही असंच होतं. गिटलॅब ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ ला तिच्या मुख्य डेटाबेसवर ताण आला, दुसरा मागे पडला आणि रेप्लिकेशन थांबलं. ते पुन्हा सुरू करताना इंजिनिअरने दुसऱ्याऐवजी मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला. दुसरा तर नव्याने भरण्यासाठी आधीच रिकामा केलेला. मग बॅकअप शोधले, तर रोजचा बॅकअप तयारच होत नव्हता. बिघाडाचे ईमेल निघत होते, पण पोचण्याआधीच नाकारले जात होते. शेवटी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत उपयोगी पडली. मधल्या वेळातला डेटा गेला तो गेलाच.

यातून काय घ्यायचं? इशारा आला नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं नसतं.

"सर, हे आयटीवाल्याचं काम आहे." दुरुस्ती त्याचीच, मान्य. पण विचारणं मालकाचं. कॅशिअरवर विश्वास असला तरी रात्री गल्ला मोजताच ना?

मग तीन गोष्टी करा.

१. मायएसक्यूएल असेल तर आयटीवाल्याला 'शो रेप्लिका स्टेटस' दाखवायला सांगा. बदल आणणारं आणि बदल लिहिणारं, अशा दोन्ही कामांपुढे 'येस' हवं. किती सेकंद मागे, तो आकडाही तिथेच दिसतो. तिथे 'नल' दिसलं तर गाडी थांबलेली आहे.

२. शून्य दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नेट संथ असेल तर शून्य दिसूनही डेटा मागे असू शकतो. मुख्य सिस्टीममध्ये वेळ टाकून एक चाचणी नोंद करा आणि ती दुसरीकडे कधी उमटते ते बघा. हे तुम्हालाही जमेल.

३. रेप्लिकेशन म्हणजे बॅकअप नव्हे. उधारीचं खातं चुकून डिलीट झालं, तर ते काही क्षणांत दुसरीकडेही डिलीट होतं. रोजची वेगळी प्रत ठेवा आणि महिन्यातून एकदा ती खरोखर उघडून बघा.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो. "सर्व्हर उडाला" हे तिथे उत्तर नाही. आणि उधारीवाला तर स्वतःहून येऊन आकडा सांगणार नाही!

या आठवड्यात एकच प्रश्न विचारा: "आत्ता आपला दुसरा सर्व्हर किती सेकंद मागे आहे?" लगेच आकडा मिळाला तर उत्तम. "बघून सांगतो" असं आलं, तर खुर्ची ओढा आणि शेजारी बसून बघा.